चित्रातली अक्षरं

माझ्या थोरल्या भावाची नजर जात होती त्याच वर्षांत मी वेबसाइट बनवायला शिकले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

आम्ही अंकुशनगरला वाढलो. वडील साखर कारखान्यात, उसाच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर कामाला होते. हंगामात ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना मळीचा वास असायचा आणि तो धुऊनही जायचा नाही. १९८१ साली मी पहिलीत गेले, तेव्हा भाऊ अंबडला कॉलेजात होता. मला अक्षरं शाळेच्या आधी त्यानेच शिकवली. मारायचा नाही, रागवायचाही नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर जेवत असला तरी ताट सरकवून ठेवायचा आणि म्हणायचा, "बाई, हे पुन्हा लिही." मला तो कायम बाईच म्हणायचा.

दिवेलागणीला अंगणातून घरात येताना तो उंबऱ्याला ठेचकाळायचा. खाटेच्या पायाला धडकायचा. माय म्हणायची, "ध्यान कुठं राहतं याचं, काय माहीत." तो पुस्तकातला माणूस, म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो. संध्याकाळी त्याला खरंच दिसत नाही, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे तो घनसावंगीच्या एका शाळेत मराठीचा शिक्षक झाला, आणि माझं लग्न होऊन मी जालन्याला आले. नवऱ्याचं धान्याच्या मोंढ्याजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बियाण्यांच्या दुकानांची हँडबिलं, एप्रिल आला की जयंतीच्या पत्रिका. मी औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, त्यामुळे टायपिंग आणि पानं लावणं माझ्याकडे आलं. मराठी अक्षरांच्या निरनिराळ्या वळणांचे फाँट आमच्याकडे होते आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठलं वळण आवडेल हे मला त्याच्या बोलण्यावरून कळायचं. चांगलं काम होतं ते. मला आवडायचं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दुकानात इंटरनेट आलं. फोनच्या तारेवर चालायचं. ते लागलं की फोन लागायचा नाही, आणि वीज गेली की दोन्ही बंद. आमच्याकडे एक साप्ताहिक छपाईआधी टायपिंगला यायचं. त्याचे संपादक साठीच्या पुढचे, मोठ्या चणीचे, हट्टी गृहस्थ. ते एक दिवस खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, आपला पेपर अमेरिकेत दिसला पाह्यजे. आपल्या जिल्ह्याचे पोरं गेलेत तिकडं. त्यांनी बघावा. जमंल का?"

"जमेल," मी म्हणाले. जमेल की नाही, मला माहीत नव्हतं.

त्या वेळच्या वेबसाइट आठवल्या की आता हसू येतं. राखाडी पान, त्यावर निळ्या रेघा मारलेले शब्द, वर सरकत जाणारी पिवळी पट्टी, कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन', आणि तळाला किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. पुस्तक बघून बघून मी ते सगळं शिकले. अडचण एकच होती, ती म्हणजे मराठी. आमच्या डीटीपीच्या फाँटमध्ये मशीनच्या पोटात असायची ती इंग्रजी अक्षरंच. वर नुसता मराठी आकार चढवलेला. ज्याच्या मशीनवर तो फाँट नाही, त्याला पानावर अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं दिसायची. संपादकांच्या पुतण्यानं अमेरिकेतून फोन करून सांगितलं, की काका, पेपराच्या जागी नुसता कचरा दिसतोय.

मग मी एक युक्ती केली. ती तेव्हा सगळेच करत होते. लेख मराठीत टाइप करायचा, पानावर नीट लावायचा आणि त्या पानाचं चित्र करून टाकायचं. चित्र सगळ्या जगात सारखंच दिसतं. अक्षर बिघडत नाही, जोडाक्षर तुटत नाही. उघडायला वेळ लागायचा, वरून खाली पट्टी-पट्टीने लेख उतरायचा. पण उतरला की अगदी छापल्यासारखा. संपादक खूश झाले. म्हणाले, "हे बराबर झालं."

माझा भाऊ त्या साप्ताहिकात कैक वर्षं सदर लिहायचा. शाळेतल्या पोरांवर, गोदाकाठच्या माणसांवर, कारखान्याच्या वसाहतीवर. पहिल्यांदा वेबसाइटवर टाकायला मी त्याचाच लेख घेतला, जयंतीच्या विशेषांकातला. तो बघायला भाऊ मुद्दाम जीपने आला. तोवर त्याची नजर पुष्कळ आक्रसली होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडून अंधार आत येत जाईल, यावर औषध नाही. तो मॉनिटरच्या काचेला नाक टेकवून बसला आणि एक एक शब्द बघत लेखभर फिरला.

"हे अक्षर थरथरून राह्यलं, का माझा डोळा?"

"मॉनिटर आहे दादा. तो थरथरतोच."

"मंग ठीक," तो म्हणाला. बराच वेळ त्याने काच सोडली नाही. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "चांगलं दिसतं, बाई. फार चांगलं दिसतं."

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याचं दिसणं पूर्ण थांबलं. शाळेनं त्याला काढलं नाही. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यांनी व्याकरणाचे तास त्याच्याकडून काढून कवितांचे तास दिले, कारण कविता त्याला पाठ होत्या. लिहिणं मात्र थांबलं. वहिनीला लिहिण्याची फारशी सवय नव्हती, त्यामुळे सांगेल ते लिहून घेणारं कुणी घरात नव्हतं, आणि त्याला दुसऱ्याच्या हातून लिहिणं मानवतही नव्हतं. संपादकांनी त्याच्या सदराची जागा दुसऱ्याला दिली.

इकडे माझं काम वाढलं होतं. लोखंडाच्या कारखान्यांना, बियाणेवाल्यांना, दवाखान्यांना, सगळ्यांनाच वेबसाइट हवी होती. राखाडी पानं गेली. आता अख्ख्या पानाचं चित्र रंगवायचं, त्याचे फरशीसारखे तुकडे करायचे आणि अदृश्य चौकटीत पुन्हा जुळवायचे, अशी पद्धत आली. साप्ताहिकासाठी मी फ्लॅश नावाच्या हलत्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये एक सुरुवातीचं पान केलं होतं. पेपराचं नाव गोल फिरत यायचं, मागे सनई वाजायची आणि मग 'आत प्रवेश करा' असं उमटायचं. जालन्यात तसं दुसरं नव्हतं. लोक दुकानात येऊन ते बघायचे.

भाऊ मधल्या काळात पुण्याला अंधांच्या एका प्रशिक्षण केंद्रात काही महिने राहून आला. परत आला तो पांढरी काठी आणि एक सीडी घेऊन. सीडीत स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. तेव्हा तो फक्त इंग्रजी बोलायचा. एका रविवारी भाऊ दुकानात येऊन बसला. माझ्या नवऱ्यानं तो प्रोग्राम मशीनवर चढवला. भावानं खुर्ची पुढे घेतली, बटणं चाचपली. पुण्यात शिकल्याप्रमाणे त्याची बोटं जल्दी जल्दी फिरत होती.

"बाई, आपला पेपर उघड. माझा लेख काढ."

सनई वाजली. पेपराचं नाव गोल फिरलं असणार, मी भावाकडे बघत होते. यंत्र गप्प राहिलं. मी हातानेच 'आत प्रवेश करा' दाबलं आणि त्याचा लेख उघडून दिला. मग यंत्र त्याच्या इंग्रजीत बोलायला लागलं. चित्र. चित्र. दुवा. चित्र. मधेच माझ्या फाइलींची नावं एकेक अक्षर करून वाचायचं आणि पुन्हा चित्र.

भावानं बाण खाली दाबला. परत दाबला.

"पुढं काय हाय?"

"तुझा लेख आहे, दादा."

"तो न्हाई वाचला त्यानं."

"त्याला वाचता येत नाही. ते चित्र आहे. मी लेखाचं चित्र करून टाकलंय."

त्यानं बोट बाणावरून उचललं. मग हळू म्हणाला, "मी तर लिहिला होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. जे होतं ते त्यानं सांगितलं. माझ्या नवऱ्यानं चहा मागवला, तो आम्ही तिघं प्यायलो आणि घनसावंगीच्या राजकारणावर बोललो. जीपवाल्यानं त्याला पुढच्या सीटवर बसवलं. जीप वळेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी उपाय शोधायला लागले. चित्राच्या मागे न दिसणारा मजकूर भरता येतो, हे मला माहीत होतं. आळसानं कुणी भरत नसे. मी त्याचा एक लेख इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तिथे भरला. पुढच्या रविवारी त्यानं तो ऐकला. इंग्रजी गळ्यातून आलेलं ते मराठी असं होतं, की पहिल्या वाक्याला आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या वाक्याला मी एकटीच हसले. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "बंद कर."

तेव्हा युनिकोडचं नाव नुकतंच कानावर येत होतं. त्यात मराठी अक्षर म्हणजे इंग्रजीवर चढवलेला आकार नव्हता. 'क' हा मशीनच्या पोटातसुद्धा 'क'च होता, जगातल्या प्रत्येक मशीनवर तोच. मी तसं एक पान करून संपादकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे सरकारी नोटिशीसारखं दिसून राह्यलं, ताई. तुमचं ते अक्षर कुठं गेलं?"

"ते अक्षर यात नाही येत, साहेब. पण हे खरं अक्षर आहे. माझ्या भावाला ऐकता येईल असं."

"आणि माझ्या वाचणाऱ्यांना? तुम्हीच म्हणता, जुन्या मशीनवर नुसते चौकोन दिसतील."

ते खरंच होतं. त्यांच्या स्वतःच्या कार्यालयातल्या मशीनवर चौकोनच दिसत होते. ते पुढे म्हणाले, "मास्तरांबद्दल मला वाईट वाटतं. पण एका माणसासाठी सगळी साइट मोडायची, हे बिलकुल पटत न्हाई मला." मी त्यांच्याशी भांडले नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

मग मी इंटरनेटवरच, पण पेपराच्या साइटपासून निराळ्या पत्त्यावर, भावासाठी वेगळी पानं केली. पांढरं पान, काळी अक्षरं, वर लेखाचं नाव, खाली पुढच्या लेखाकडे जायचा रस्ता. चित्र एकही नाही. माझा नवरा खांद्यावरून बघत म्हणाला, "इतकी वर्षं शिकून शेवटी हेच बनवलंस?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्यालाही ते पान बघून थोडं चुकल्यासारखं वाटलं असावं.

लेख पुन्हा टाइप करणं हे मोठं काम निघालं, कारण फाँटमधला जुना मजकूर युनिकोडला चालत नव्हता. साप्ताहिकाच्या कार्यालयात जुने अंक होते, पण मधल्या काही वर्षांच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती. ते लेख मी भावाला विचारले. तो म्हणाला, "आठवत न्हाईत. जे गेले ते जाऊ दे." दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी टाइप करत बसायची. इतकी वर्षं मी त्याचे लेख पानावर लावत आले होते. स्तंभ किती, ओळी किती, मथळा कुठे. शांतपणे वाचत होते ती आता. वसाहतीतल्या नळावरच्या बायका, काट्यावर उभे वडील, तोडणीला आलेल्या टोळ्यांची शाळेत दोन महिने बसून निघून जाणारी मुलं. तो हे सगळं आमच्या शेजारी राहून बघत होता आणि मी तिथेच असून बघितलं नव्हतं.

यंत्राला मराठी यायला आणखी काही काळ गेला. ती मराठीही खरं तर मराठी नव्हती. पुण्याच्या केंद्रातल्या मित्रानं भावाला दुसरी सीडी पाठवली, तिच्यात हिंदी आवाज होता. देवनागरी दिसली की तो हिंदीसारखी वाचायचा. 'ळ' त्याला यायचाच नाही. शाळेला 'शाला' म्हणायचा. आम्ही भावाच्या घरी, घनसावंगीला, मशीन लावलं होतं. मी पहिला लेख उघडला, कारखान्याच्या भोंग्यावरचा. आवाज सुरू झाला.

भाऊ म्हणाला, "हा हैदराबादकडचा दिसतो."

मग तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिला. लेख लांब होता, यंत्र ना थांबायचं ना श्वास घ्यायचं. संपल्यावर त्यानं विचारलं, "हे मी लिहिलं होतं का?"

"हो."

"शेवटचं वाक्य जादा हाय. काढून टाक."

मी कीबोर्डकडे हात नेला आणि मागे घेतला. म्हणाले, "तूच काढ." त्यानं बाणानं मागे जात जात, एकेक शब्द ऐकत, ते वाक्य शोधलं आणि पुसलं. मग तो लेख पुन्हा ऐकला. मला आत स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

त्या उन्हाळ्यात तो टायपिंग शिकला. शिकला म्हणजे छळ करून घेतला स्वतःचा. ऱ्हस्व आणि दीर्घ यंत्र जवळजवळ सारखंच बोलायचं, आणि ते त्याला चालण्यासारखं नव्हतं. म्हणून तो प्रत्येक शब्द अक्षरा-अक्षरानं ऐकायचा. एक परिच्छेद व्हायला अख्खी सकाळ जायची. मी म्हणाले, मी तपासत जाईन ना. तो म्हणाला, "तू तपास. पण माझं झाल्यावर तपास." त्याच्या त्या लिखाणात मला क्वचितच चूक सापडली. संपादकांनी त्याचं सदर पुन्हा सुरू केलं, जुन्याच जागेवर.

आणखी दोन-एक वर्षांनी संपादक दुकानात आले ते थेट माझ्या टेबलापाशी. पुतण्यानं त्यांना इंटरनेटवर मराठीत शोधायला शिकवलं होतं.

"ताई, मी जिल्ह्याचं नाव टाकलं, पेपराचं नाव टाकलं. तुमचा भाऊ दिसतो. त्याचे सगळे लेख दिसतात. पेपर दिसत न्हाई. मी दिसत न्हाई. काहून?"

मी त्यांना समजावून सांगितलं. शोधणारं यंत्रही माझ्या भावासारखंच आहे. त्याला चित्र दिसत नाही, अक्षर असेल तरच कळतं. ते बराच वेळ टेबलावरची फूटपट्टी इकडून तिकडे सरकवत बसले. "म्हणजे इतक्या वर्षांचा पेपर त्याच्या लेखी नव्हताच," ते म्हणाले. सनईचं पान मी त्याच आठवड्यात उतरवलं. पुढचे सगळे अंक खऱ्या अक्षरांत गेले. मागचे जितके जमले तितके केले. सगळे झाले नाहीत. जे चित्रात राहिले ते आजही माझ्याकडच्या सीडींवर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सीडी आता उघडत नाहीत.

माय वडिलांच्या मागे भावाकडेच राहायची. तिला वाचता येत नव्हतं. एका दुपारी मी तिथे होते. भाऊ वडिलांवरचा जुना लेख ऐकत होता, एक शब्द बदलायचा म्हणून. माय तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"कोण बोलून राह्यलं हे?"

"मशीन हाय, माय."

"तुझ्या बापाचं नाव घेतलं त्यानं."

"मी लिहिलेलं वाचून राह्यलं. बाबांवर लिहिलं होतं मागं."

"कधी?"

"लई दिवस झाले. पेपरात आलं होतं."

माय म्हणाली, "मला कोणी सांगितलं न्हाई."

भावानं लेख थांबवला. पेपर घरी यायचा, तिनं तो कितीदा घडी घालून ठेवला असेल. मी तो लेख टाइप केला होता, पानावर लावला होता, चित्र केलं होतं, पुन्हा टाइप केला होता. तिला वाचून दाखवायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"पयल्यापासून लाव," ती म्हणाली.

भावानं लेख पहिल्यापासून लावला. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. हिंदी आवाज वडिलांचं काट्यावरचं उभं राहणं सांगत होता, हंगाम संपला की त्यांना झोप न येणं सांगत होता. ती मधे एकदा म्हणाली, "बराबर हाय." एकदा म्हणाली, "हे मला ठाऊक नव्हतं." लेख संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि तो माणूस इतक्या घाईनं का बोलतो, असं विचारलं. भावानं आवाजाचा वेग कमी केला.

त्यानंतर दुपारची भांडी झाली की ती त्याच्या खोलीत जाऊन बसायची. तो शाळेत असला तर परत येईपर्यंत वाट बघायची. ती होती तोवर त्याचे सगळे लेख तिनं ऐकले, काही पुन्हा पुन्हा. भाऊ तिच्यासाठी वेग कमी ठेवायचा. ती गेल्यावर त्यानं वेग पुन्हा वाढवला नाही, असं वहिनी मला म्हणाली होती.